कुठले भावे?

परदेशात राहणाऱ्या माणसाची गोष्ट मराठी वाचक वाचत नाही, तपासतो. गोष्टीत बर्फ पडत असला तर किती इंच पडला, त्या गावात नोव्हेंबरात एवढा पडतो का, आणि पडत असेल तर आपल्या धाकट्याने परवाच्या फोनवर ते का सांगितलं नाही, अशी चौकशी पहिल्या पानापासून सुरू होते. खुनाची गोष्ट वाचताना हाच माणूस निवांत असतो, कारण घरातलं कुणी खून करायला गेलेलं नसतं. पण बोस्टन, टोरोंटो, न्यू जर्सी अशी नावं आली की चष्मा पुसला जातो. तिथे घरातलं कुणीतरी गेलेलं असतंच. घरातलं नसलं तर समोरच्या फ्लॅटमधलं असतं, आणि त्याच्याबद्दल तर जास्तच माहिती असते.

आमचा वाचनकट्टा कोथरूडमधला. महिन्यातून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. सतरंजी अंथरलेली असते आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी खुर्च्या असतात. म्हणजे प्रत्यक्षात सतरंजी रिकामी असते. सभासदांपैकी ज्यांचं परदेशात कुणीच नाही असे दोघेच आहेत, आणि ते बिचारे मागच्या रांगेत तोंड लपवून बसतात. इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक आमचे सूत्रधार. त्यांनी जाहीर केलं की यंदा परदेशस्थ भारतीयांच्या जीवनावरच्या कथा घ्यायच्या. ज्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे त्यांना सर कथेचा मराठीत सारांश सांगतील. सरांचा सारांश मूळ कथेपेक्षा लांब होतो, ते सोडा. दर बैठकीला कथा वाचलेले चार, ऐकलेले दहा आणि मत असलेले वीस असा हिशोब पडतो. चहा घेऊन येणारा मुलगा या वीसमध्ये धरलेला आहे.

सुरुवात अर्थातच झुंपा लाहिरींपासून झाली. आईवडील बंगाली, जन्म लंडनचा, वाढल्या अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये. 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' हा नऊ कथांचा संग्रह १९९९ सालचा, आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेव्हा बाई अवघ्या बत्तीस वर्षांच्या होत्या. सरांनी एवढी ओळख करून दिल्यावर पहिला प्रश्न आला, "लग्न कुणाशी केलं?" सरांनी तो ऐकला नाही असं दाखवलं आणि पुस्तक उघडलं.

पहिल्या कथेत बोस्टनमधलं तरुण बंगाली जोडपं आहे. बाळ जन्मतःच गेलेलं, दोघांमधलं बोलणं आटलेलं. हिमवादळात बिघडलेली विजेची लाइन दुरुस्त करायची म्हणून पाच दिवस रोज रात्री आठला तासभर वीज जाणार, अशी नोटीस येते; आणि त्या अंधारात दोघं आजवर न सांगितलेल्या गोष्टी एकमेकांना सांगू लागतात. सरांनी आवाज अगदी खाली आणून कथा संपवली. हॉल गप्प झाला. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या एका काकांनी तोंड उघडलं.

"नोटीस आधी दिली होती?"

"हो."

"आणि वीज बरोबर आठलाच गेली?"

"हो."

"तरीच," काका म्हणाले. "इथल्या लेखकाला हे सुचलंच नसतं."

तिथून गाडी जी लोडशेडिंगच्या रुळावर गेली ती परत बोस्टनला आलीच नाही. काकांचं म्हणणं असं की आमच्या गावाकडे एके काळी बारा-बारा तास वीज नसायची. रोज एक तास गेली म्हणून यांचा संसार उघडा पडत असेल, तर आमच्याकडे अख्ख्या तालुक्याचे घटस्फोट व्हायला हवे होते. "आम्ही कुठे अंधारात एकमेकांना गुपितं सांगत बसलो?" त्यावर शेजारच्या खुर्चीतून काकू म्हणाल्या, "मी सांगत होते. तुम्ही घोरत होतात." लाहिरीबाईंच्या त्या कथेवर जगभर पुष्कळ लिहिलं गेलं असेल, पण याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही.

संग्रहातली शेवटची कथा, 'द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट', आमच्या कट्ट्याला सगळ्यांत जास्त आवडली. नायक १९६४ साली भारतातून बोटीने इंग्लंडला जातो, तिथून १९६९ मध्ये अमेरिकेत येतो, विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी धरतो आणि एकशे तीन वर्षांच्या एका म्हातारीकडे खोली भाड्याने घेतो. भाडं आठवड्याला आठ डॉलर. इथे आमच्या बँकवाल्या काकांचं लक्ष कथेतून उडालं. त्यांनी पाकिटाच्या मागे आकडेमोड केली: १९६६ च्या अवमूल्यनानंतर डॉलरचा भाव साडेसात रुपये, म्हणजे आठवड्याला साठ. "अहो, त्या वेळी माझं महिन्याचं घरभाडं एवढं नव्हतं! एका खोलीला? आणि संडास कॉमन?" माणूस चंद्रावर उतरला ही त्या कथेतली मोठी घटना आहे. काकांच्या हिशोबी ती किरकोळीत जमा झाली.

कथेतला नायक सुरुवातीला दूध-कॉर्नफ्लेक्सवर दिवस काढतो, कारण खोलीत स्वयंपाकाला बंदी आहे. हे ऐकून एका आजींचा चेहरा जो उतरला तो चहा आला तरी वर आला नाही. त्यांचा मुलगा अमेरिकेला गेला त्याला तीस वर्षं होऊन गेली. आता तो कुठल्याशा कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट आहे आणि त्याचा स्वतःचा मुलगा कॉलेजात आहे. पण आजींनी घरी जाऊन फोन लावलाच. "तू गेलास तेव्हा काय खायचास रे?" "आई, मी मीटिंगमध्ये आहे." "कॉर्नफ्लेक्सच ना? खरं सांग." एका चांगल्या कथेने वाचकाला अस्वस्थ करावं अशी अपेक्षा असते, इथे अस्वस्थ झाली ती सगळी मीटिंग. कथेच्या शेवटी नायकाचा मुलगा हार्वर्डमध्ये शिकतो, एवढं कळल्यावर मात्र हॉलमध्ये एकमत झालं. "मग झालं तर! कष्टाचं चीज झालं." सर सांगत होते की कथा हार्वर्डबद्दल नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

खरी बैठक रंगली ती 'मिसेस सेन्स' या कथेवर. मिसेस सेन समुद्राजवळच्या एका गावात राहते. नवरा विद्यापीठात गणित शिकवतो. ती दुपारी एलियट नावाच्या अकरा वर्षांच्या अमेरिकन मुलाला सांभाळते, गाडी शिकायचं टाळते, आणि दिवाणखान्यात जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून बोटीवर भाजी चिरते. बंगाल्यांची बोटी ही आपल्या विळीची सख्खी बहीण. ती त्या मुलाला सांगते की आमच्याकडे लग्नघरी आळीतल्या बायका आपापली बोटी घेऊन गच्चीवर गोल करून बसतात आणि रात्रभर बडबड करत पन्नास-पन्नास किलो भाजी चिरतात. त्या गलबल्यात झोप येत नाही. आणि इथे शांततेत येत नाही.

निम्म्या बायकांचे डोळे भरून आले. उरलेल्या निम्म्यांनी विळीचा ताबा घेतला. तिला खोवणी होती का? नसेल तर नारळ कसा खोवत होती? पाट कुठला वापरायची, की नुसतीच कार्पेटवर बसायची? आणि मुळात विमानातून नेली कशी? एका काकूंनी सांगितलं की त्यांनी सिअॅटलच्या मुलीसाठी विळी नेली होती, दोन नऊवारी लुगड्यांत गुंडाळून, मोठ्या बॅगेच्या तळाशी. कस्टमवाल्याने उघडून विचारलं, हे काय? काकूंनी बॅगेशेजारी जमिनीवर बसून, एक पाय विळीच्या पाटावर ठेवून, हवेत दुधीभोपळा चिरून दाखवला. त्याने सॅल्यूट ठोकल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. "मग मुलगी वापरते का?" असं कुणीतरी विचारलं. काकू जरा थांबल्या. "हॉलमध्ये भिंतीवर लावलीय. खाली छोटा दिवा सोडलाय." मिसेस सेनच्या कथेचा पुढचा भाग तो असावा असं मला वाटतं, पण तो अजून कुणी लिहिलेला नाही.

मग आला मासा. मिसेस सेनचा सगळा जीव ताज्या अख्ख्या माशात. दुकानदार मासे आले की फोन करून कळवतो. एके दिवशी नवऱ्याला सवड नाही, म्हणून ही लायसन नसताना एलियटला शेजारी बसवून गाडी काढते आणि अपघात होतो. फार मोठा नाही, पण त्या मुलाला सांभाळण्याचं काम जातं. नारायण पेठेतून कोथरूडला आलेल्या एका मॅडम म्हणाल्या, "एका माशासाठी एवढं? त्या दिवशी पिठलं केलं असतं तर बिघडलं असतं?" हॉलच्या त्या बाजूने माना डोलल्या. तेव्हा कधी नव्हे ते आमचे मालवणचे काका उठून उभे राहिले. एरवी ते चर्चेत बोलत नाहीत. "दुकानातून फोन आला की सुरमई आलीय. दारात गाडी उभी आहे. नवरा म्हणतो, आज नको." एवढं बोलून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "लायसन कोण बघतं हो?" आणि ते खाली बसले. मंगळवार-गुरुवार पाळणाऱ्या सभेला हा युक्तिवाद पोचला नाही. पण समीक्षक ज्याला समरस होणं म्हणतात ते त्या दिवशी कोथरूडात फक्त मालवणला जमलं.

हेच पुस्तक घेऊन बसलेली दुसरी बैठक मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ पाहिली. माझ्या मावसबहिणीच्या घराचं तळघर, कोपऱ्यात मागच्या वर्षीचं गणपतीचं मखर, पिंगपाँगच्या टेबलावर ओक ट्री रोडवरून आणलेले सामोसे. कोथरूडात कथेतल्या माणसांची कीव केली जाते. इथे कीव करून घ्यायला कुणी तयार नव्हतं. "आम्ही एवढे रडके नाही हो," हे पहिलंच वाक्य. आम्ही नाटकं बसवतो, मुलांना मराठी शाळेत पाठवतो, दर दोन वर्षांनी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरवतो, ढोल-ताशा पथक चालवतो. ते सोडून या बाईला फक्त एकटेपणाच दिसतो का? एका काकांचा सिद्धांत तर ठरलेला होता: १९७४ साली शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं किराणा दुकान निघालं आणि परदेशातल्या करुणकथेचा अर्धा मालमसाला तिथेच संपला. आता गवार मिळते, पडवळ मिळतं, अळू मिळतं. रडायचं कशासाठी?

थोड्याच वेळात मात्र ही मंडळी आपापसात दुःखाची बोली लावू लागली. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचं दार उघडल्यानंतर आलेली पिढी एकीकडे. त्यांची सुरुवात खिशातल्या आठ डॉलरपासून होते; परकीय चलनाची तेव्हा तेवढीच परवानगी होती. दुसरीकडे एच-वन-बी व्हिसावर आलेले संगणकवाले. काकांनी आठ डॉलर टेबलावर ठेवल्याबरोबर एका संगणकवाल्याने विचारलं, "काका, तुम्हाला ग्रीन कार्ड किती दिवसांत मिळालं?" काका म्हणाले, "वर्षाच्या आतच." खोलीत शांतता. एका देशाला नोकरीच्या ग्रीन कार्डांच्या वार्षिक कोट्यातला सात टक्क्यांच्या आसपास वाटा, आणि रांगेत अख्खं हैदराबाद-पुणे. त्यामुळे या मुलाचा नंबर लागेपर्यंत त्याची दुसरीतली मुलगी पदवीधर होईल. "आमच्यावर कुणी लिहीत नाही," तो म्हणाला. "आमच्या कथेत काही घडतच नाही ना. दर महिन्याला ग्रीन कार्डांच्या रांगेचा सरकारी तक्ता येतो. तारीख पुढे सरकत नाही. संपली कथा." मला ही कथा फार आधुनिक वाटली, पण सामोसे संपत आले होते.

लाहिरींच्या 'व्हेन मिस्टर पिरझादा केम टू डाइन' मध्ये १९७१ सालातलं एक कुटुंब विद्यापीठाच्या डिरेक्टरीतून आपल्याकडची आडनावं शोधून अनोळखी लोकांना जेवायला बोलावतं. या एका गोष्टीवर तळघरातल्या सगळ्या पिढ्या पाघळल्या. जुन्यातल्या एका काकांनी तेव्हा गावची टेलिफोन डिरेक्टरी घेऊन 'कर' ने संपणारी सगळी आडनावं काढली होती. पहिला फोन लागला तो कुणा बेकरना. दुसरा पार्करना. टकर नावाच्या गृहस्थांबद्दल काकांची खात्री होती की ते गोव्याकडचे असणार. त्यांच्याशी पाच मिनिटं बोलूनही ती खात्री ढळली नाही, फक्त माणूस बाटला असावा एवढाच निष्कर्ष निघाला. अखेर एक करमरकर सापडले, दीडशे मैलांवर. काका बर्फातून गाडी हाकत गेले. करमरकरांना मराठी येत नव्हतं. ते इंदूरचे होते आणि हिंदी बोलत होते. "पण बायकोने वरण-भात केला होता," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा कापला. मघाशी 'आम्ही रडके नाही' असं म्हणाले होते ते हेच काका.

तळघराच्या जिन्यावर माझी भाची बसली होती, सोळा वर्षांची. तिला हे पुस्तक शाळेत अभ्यासाला होतं. बाईंनी वाचून संपवल्यावर तिच्याकडे वळून अत्यंत प्रेमाने विचारलं की तुमच्या घरी असंच असतं का. "मग मी काय सांगणार? आईला फिश कट करता येत नाही, ती डोंबिवलीची आहे." शेवटी तिने ठोकून दिलं की हो, असंच असतं, फक्त आमचा सगळा ड्रामा फिशऐवजी हापूसवर होतो. निबंधाला चांगले मार्क मिळाले. बाईंनी शेरा लिहिला की लेखनात सच्चेपणा जाणवतो.

परत कोथरूड. भारती मुखर्जींचा 'द मिडलमन अँड अदर स्टोरीज' १९८८ चा, त्याला अमेरिकेतला नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल पुरस्कार मिळाला. त्यातली 'द मॅनेजमेंट ऑफ ग्रीफ' सरांनी निवडली होती. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने पडलं, विमानातली ३२९ माणसं गेली. कथेतली टोरोंटोची बाई त्यात नवरा आणि दोन्ही मुलं गमावते. ती रडत नाही, आरडाओरडा करत नाही, म्हणून सरकारी समाजसेविकेला वाटतं की ही फार खंबीर आहे, हिला इतरांची समजूत घालायला नेता येईल. या बाईचं नाव आहे शैला भावे.

"भावे?" हॉलमध्ये खुर्च्या पुढे सरकल्या.

सरांनी सांगायचा प्रयत्न केला की लेखिका बंगाली आहे, नाव असंच योजलेलं असेल. ऐकतंय कोण. कुठले भावे? रत्नागिरीकडचे की सांगलीचे? मुलांची नावं काय? विनोद आणि मिथुन. "विनोद ठीक आहे. भाव्यांच्या घरात मिथुन?" एका काकांनी ठामपणे सांगितलं की हे कोकणस्थ भावे असूच शकत नाहीत. दुसऱ्यांनी सुचवलं की नवऱ्याच्या आईकडून कुणी बंगाली असेल. तिसऱ्यांच्या मते लेखिकेने टेलिफोन डिरेक्टरी उघडून पहिलं सापडलेलं आडनाव उचललं असावं, आणि हे निव्वळ बेजबाबदार लेखन आहे. दहा मिनिटं गेली. मग ज्यांचं परदेशात कुणी नाही म्हणून मागे बसतात त्या दोघांपैकी एक बाई म्हणाल्या, "अहो, तिची तीन माणसं गेली."

त्या दिवशी चहा कुणी दुसऱ्यांदा मागितला नाही. तरी निघताना जिन्यात एकाने मला हळूच गाठून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? देवरुखचे असतील का?"

रोहिंटन मिस्त्रींवर येईपर्यंत पावसाळा आला. मिस्त्री मुंबईचे, १९७५ मध्ये कॅनडाला गेले, टोरोंटोत बँकेत नोकरी केली. 'टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग' १९८७ चा. त्यातली 'स्क्वॉटर' ही कथा सरांनी वाचायला घेतली तेव्हा सुरुवातीला जरा चुळबूळ झाली, कारण विषय संडासाचा. सरोश नावाचा पारशी तरुण कॅनडाला जाताना आईला वचन देतो की दहा वर्षांत पूर्ण कॅनेडियन झालो नाही तर परत येईन. सगळं जमतं, पण कमोडवर बसून होत नाही. वर उकिडवं बसावंच लागतं. दहा वर्षांनी हरलेला सरोश परतीच्या विमानात बसतो, आणि नेमकं तिथे, विमान धावू लागलेलं असताना, काम होतं. तोवर उशीर झालेला असतो.

आमची सभा सरोशच्या बाजूने उभी राहील असं सरांना वाटलं होतं. देशी पद्धतीचा अभिमान वगैरे. सभा उभी राहिली नाही, कारण सभेच्या गुडघ्यांना ते मानवत नाही. खुर्च्यांत बसलेल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांच्या वाट्या बदललेल्या, बाकीच्यांना तारीख मिळालेली. "आता आम्हाला कोकणात लग्नाला जायचं म्हटलं तरी आधी फोन करून विचारावं लागतं, कमोड आहे ना?" एका काकांनी तर फार मूलगामी विचार मांडला: सरोशने घाई केली. त्याने तीस वर्षं थांबायला हवं होतं, वयाने त्याला आपोआप कॅनेडियन केलं असतं. स्थलांतर आणि अस्मिता या विषयावर विद्यापीठात चर्चासत्रं होतात, तिथे हा मुद्दा आला असेल असं मला वाटत नाही.

परदेशात बसून मराठीत लिहिणाऱ्यांची अवस्था या इंग्रजीवाल्यांहून कठीण आहे. इंग्रजीत लिहिलेलं निदान सगळ्या काकूंपर्यंत पोचत नाही. मराठीत लिहिलेलं दिवाळी अंकातून थेट सासुरवाडीत पडतं. माझे एक मित्र तिकडून दरवर्षी एक कथा पाठवतात. एका वर्षी त्यांनी घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या जोडप्यावर लिहिलं. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून सासऱ्यांचा फोन: "सगळं ठीक आहे ना जावईबापू?" पुढच्या वर्षी त्यांनी आईवडिलांना भेटायला न येणाऱ्या मुलावर लिहिलं. भाऊ बोलेनासा झाला. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' या नाटकापासून आपण सगळे मागे राहिलेल्या म्हाताऱ्या नाना-नानींच्या शेजारी जाऊन बसलो आहोत, आणि तिकडून येणारी प्रत्येक गोष्ट तिथूनच ऐकतो. कथेत मुलगा बर्फ उपसत असो, प्रेमात पडत असो की नोकरी गमावत असो, इकडचा पहिला प्रश्न एकच: फोन केला का घरी? मित्राने शेवटी कुत्र्यावर कथा लिहिली. तिच्यावर प्रतिक्रिया आली की आईवडिलांना सांभाळायला वेळ नाही, कुत्रा सांभाळायला आहे.

लाहिरीबाई या बाबतीत हुशार. २०१२ मध्ये त्या रोमला राहायला गेल्या आणि पुढे चक्क इटालियनमध्ये लिहू लागल्या. २०१५ सालचं त्यांचं पुस्तक त्याच भाषेत आहे. त्यांनी यामागची कारणं सविस्तर, गंभीरपणे सांगितलेली आहेत. आमच्या कट्ट्याला ती पटत नाहीत. आमच्या मते घरच्यांनी आणि घरच्यांसारख्या वाचकांनी वाचू नये म्हणूनच माणूस एवढी यातायात करतो.

हे सगळं पाहून मी ठरवलं होतं की यावर काहीतरी नवं लिहावं, आणि मग मिस्त्रींच्या त्याच संग्रहातली शेवटची कथा वाचली. 'स्विमिंग लेसन्स'. नायक टोरोंटोत पोहायला शिकतोय, इकडे मुंबईत त्याच्या आईवडिलांना टपालाने त्याच्या कथांचं बाड येतं आणि दोघं ते वाचू लागतात. आई म्हणते, सगळ्या गोष्टी इथल्याच आहेत, म्हणजे पोराला तिथे करमत नाही. वडील तिला समजावतात की लेखकाला असं अंतर लागतं, आठवणींतूनच साहित्य होतं. मग हळूहळू वडिलांनाही शंका येते की हे वाचून लोकांना वाटेल पारशी सगळे असेच विचित्र. याने टाटांवर का लिहिलं नाही, दादाभाई नौरोजींवर का नाही? शेवटच्या गोष्टीत कॅनडा बराच आहे म्हणून ती दोघांना सर्वांत आवडते, आणि वडील भाकीत करतात की पोराने तिकडचं असंच लिहीत राहिलं तर त्याचं नाव होईल. म्हणजे आमच्या कट्ट्यावरची आणि एडिसनच्या तळघरातली एकूण एक प्रतिक्रिया मिस्त्रींनी १९८७ मध्येच लिहून ठेवली होती. वाचकाला उठून काही बोलायला जागाच ठेवली नाही. ढोल-ताशावाले काकासुद्धा त्यात आहेत, फक्त तिथे ते टाटांचं नाव घेतात.

सरांनी या कथेवर मतदान घेतलं: बरोबर कोण, आई की वडील? हॉल जवळजवळ सगळा वडिलांच्या बाजूचा, कारण त्यांचं बोलणं अभ्यासू आहे आणि ते साहित्याचं तत्त्व सांगतात. मी आईला मत दिलं, कारण मला भावनेपेक्षा नोंदी भक्कम वाटतात. मिस्त्रींनी नंतर तीन मोठ्या कादंबऱ्या लिहिल्या, १९९१, १९९५ आणि २००२ मध्ये. तिन्ही लिहिल्या कॅनडात बसून, आणि तिन्ही घडतात भारतात.